मदत हवी आहे: हातच्या नोंदी आणि स्केचिंगसाठी कोणता ई-इंक (कागदासारख्या पडद्याचा) टॅबलेट घ्यावा?

रोजच्या नोंदी, ए४ पीडीएफवर खुणा आणि पेन्सिलीसारखी स्केचेस, एवढाच वापर. रंग नसले तरी चालेल. रिमार्केबल २, किंडल स्क्राइब, सुपरनोट की बूक्स? आणि हातात घेतल्यावर नेमकं काय तपासायचं?

प्रतिसाद १
रंग नको असेल तर रंगीत पडद्याच्या वाटेलाच जाऊ नका. कॅलिडो ३ या रंगीत ई-इंक पडद्यावर काळं-पांढरं ३०० पीपीआय (इंचाला ठिपके) असलं तरी रंग १५० वरच येतात. शिवाय रंगाच्या जाळीमुळे पांढरा भाग मळकट दिसतो. शेडिंगची तिथेच वाट लागते. तशाही ई-इंकवर राखाडीच्या छटा १६च, त्यामुळे बोटाने पसरवल्यासारखी मऊ छटा मागितली की पट्टे दिसतात. रेघांची जाळी भरून केलेलं शेडिंग मात्र झकास उठतं.

रिमार्केबल २ ला फ्रंटलाइट (पडद्याचा आतला उजेड) नाही, म्हणून निब (पेनचं टोक) आणि उमटणारी रेघ यांत अंतर जाणवत नाही. पण रात्री दिवा लागणारच. स्क्राइबच्या बहुतेक मॉडेलना लाइट आहे, ३०० पीपीआयही.

प्रतिसाद २
तपासायचं असेल तर पट्टी ठेवून ४५ अंशांत अगदी सावकाश रेघ ओढा. ईएमआर पेनची (या टॅबलेटवर चालणारं बिनबॅटरीचं चुंबकीय पेन) जागा पडद्यामागच्या तारांच्या जाळीवरून काढली जाते. दोन तारांच्या मध्ये तो अंदाज थोडा चुकतो आणि रेघ लाटेसारखी येते. शिरोरेषा सरळ आली म्हणून फसू नका, ती जाळीला समांतर असते. भरभर लिहितानाही हा दोष लपतो. मग हीच रेघ कडेला ओढून बघा. चुंबकाचं कव्हर मागे दुमडलेलं असेल तर तेवढ्या पट्ट्यात पेन भरकटू शकतं, टॅबलेटला उगाच दोष नको.

खरखरीत पडद्यावर प्लास्टिकची निब झिजते. टोक एका बाजूने चपटं झालं की बदला. सुपरनोटची सिरॅमिक निब झिजत नाही, पण तिची मजा सुपरनोटच्या पडद्यावरच्या मऊ थरावरच. कडक काचेवर ती नुसती घसरते.

प्रश्नकर्ता
आणि ए४ पीडीएफ?

प्रतिसाद १
१०.३ इंची पडदा साधारण १५७ × २०९ मिमी, ए४ कागद २१० × २९७. म्हणजे पान ७० टक्क्यांवर येतं आणि १२ पॉइंटचा मजकूर साडेआठच्या आसपास. समास कापले की वाचता येतो, पण मग खुणा करायला कडेला जागा उरत नाही. खुणाच जास्त करणार असाल तर १३.३ इंची बघा, वजन सोसावं लागेल.

प्रतिसाद २
बूक्स (हा अँड्रॉइडवर चालतो) घेतलंत तर नोंदी त्याच्याच नोट्स अ‍ॅपमध्ये ठेवा. इतर अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये रेघ बऱ्याचदा पेनच्या मागे रेंगाळते. तुमच्या वापराला माझं मत सुपरनोट; स्केचिंगच जास्त असेल तर तिरकी रेघ ज्याची सरळ येईल तो.