केळीच्या भाड्यासाठी सीएनजी की डिझेल

सीएनजीचा किलोमीटरमागचा खर्च कमी, म्हणून पिकअप घ्यायची तर सीएनजीच, हे नेहमीचं म्हणणं जळगाव शहरात किराणा किंवा फर्निचर पोचवणाऱ्याला लागू पडतं. भडगावकडून केळी भरून कन्नड घाट चढणाऱ्याला नाही. चाळीसगाव सोडलं की भरल्या गाडीला कमी आरपीएमवर (इंजिन सावकाश फिरत असताना) ओढ लागते, ती डिझेल इंजिनातच मिळते. शिवाय सीएनजीच्या सिलिंडरचं वजन मालाच्या वजनातून जातं, तेही भाड्याच्या हिशोबात धरायला हवं.

आता उन्हाळ्याचा मुद्दा. पंपावर दाबाचा काटा २०० बारला (बार हे दाबाचं माप) गेला म्हणजे टाकी पूर्ण भरली असं नसतं. झटपट भरताना सिलिंडरमधला गॅस तापतो, त्यात आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन. तापलेला गॅस त्याच दाबाला वजनाने कमी बसतो. रात्री गाडी थंडावली की काटा खाली आलेला दिसतो. म्हणजे घड भरलेली गाडी घेऊन रांगेत उभं राहायचं आणि हाती अपुरी टाकी, इकडे केळी पिकायला लागते. दर ३ वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) असते, ती वेगळीच. डिझेल घेणाऱ्यांनी एवढं बघावं: बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. नुसत्या शेत ते वखार अशा तुटक फेऱ्या असतील तर त्यातली काजळी जळत नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. अधूनमधून गाडी हायवेवर एकसारख्या वेगाने अर्धा तास चालवा.