मिईकेची खाण राहिली

१९६०च्या जपानवरची चर्चा अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराभोवतीच फिरतेय: संसदेला निदर्शकांचा वेढा, पंतप्रधान किशींचा राजीनामा, ऑक्टोबरात भर सभेत समाजवादी नेते असानुमांचा खून. बरोबरच आहे. पण त्याच वर्षीचा क्युशू बेटावरच्या मिईके कोळसा खाणीतला संप कुणीच काढला नाही, म्हणून ही भर.

तेलापुढे कोळशाचे दिवस भरत आले होते. कंपनीने बाराशेच्या आसपास कामगारांना घरी बसवायचं ठरवलं, आणि त्यात नेमके युनियनचे खंदे लोक! टाळेबंदी, संप, मारामाऱ्या. शेवटी कामगार हरले.

९ नोव्हेंबर १९६३, शनिवार दुपार. याच खाणीत कोळशाच्या धुळीचा स्फोट झाला. ४५८ माणसं गेली. बहुतेकांचा जीव आगीने नाही, कार्बन मोनॉक्साइडने घेतला. ना रंग, ना वास. आठशेंवर लोकांना विषबाधा झाली. त्यातले कित्येक घरी आले ते मेंदूला कायमची इजा घेऊनच. १९६७ साली त्यांच्या बायका थेट खाणीत उतरून ठाण मांडून बसल्या. विषबाधितांसाठीचा कायदा त्याच वर्षी झाला.

आणि हो, स्फोटाच्याच रात्री योकोहामात त्सुरुमीला रेल्वे अपघात झाला, त्यात १६१ गेले. एकाच दिवसात सहाशेंवर माणसं.