मदत हवी आहे: मुलीचे डोळे हिरवे, आम्ही दोघं काळ्या डोळ्यांचे

शेवंता_अमळनेर

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर सांभाळून घ्या.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, घरी कापूस-मका. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. तिचे डोळे घारे आहेत, आणि घारे म्हणजे मधासारखे नाही, चक्क हिरवे. जन्मली तेव्हा राखाडी-निळसर होते, सगळे म्हणाले होतील काळे. वर्षाची झाली, दीड वर्षाची झाली, काळे व्हायचं सोडून हिरवट होत गेले आणि तिथेच थांबले. काल सकाळी ओसरीवर टिकली लावताना उन्हात नीट बघितलं, तर बाहुलीभोवती बारीक तपकिरी कडं, त्याच्या बाहेर विहिरीच्या पायरीवर शेवाळ असतं ना तो रंग, आणि कडेला काळपट रेघ. संध्याकाळी बल्बखाली तेच डोळे साधे भुरे दिसतात.

आता त्रास असा की मी आणि हे, दोघांचे डोळे काळेभोर. सासूबाईंचेही काळे. लग्नकार्यात गेलं की कोणीतरी बाई पोरीची हनुवटी धरते, माझ्याकडे बघते आणि विचारते "कोणावर गेली हो ही?" आणि ते विचारणं कसलं असतं ते बायकांना सांगायला नको. हे हसून सोडून देतात, माझा मात्र जीव जळतो. शाळेत पोरं मांजरी म्हणतात. त्यात नणंदबाईंनी मधाची कसलीशी बाटली पाठवलीय, रोज रात्री एक थेंब डोळ्यात घाला, रंग पक्का होतो म्हणे. अजून घातलेला नाही पण सासूबाई रोज आठवण करताहेत. आणि उन्हाळ्यात पोरगी अंगणात डोळेच उघडत नाही, पाणी येतं. बिचारीला जत्रेतून काळा गॉगल घेऊन दिला. हा काही आजार आहे का, की फक्त रंगच आहे, आणि काळजी काय घ्यायची, कोणी जाणकार असेल तर प्लीज सांगा.

पांझरा_पूल

आडनाव कोकणस्थी आहे का ताई? 😀 गंमत केली.

चष्मेवाला_धुळे

वरच्या भाऊंनी गंमत जरा जपून करावी, ताई याच गंमतीला वैतागल्यात.

ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळ्यांचा नंबर तपासणारा, डॉक्टर नाही, तरी आधी हे सांगतो की मध डोळ्यात घालू नका. मध निर्जंतुक नसतो, आणि रंग बदलायचा प्रश्नच येत नाही कारण रंग असतो आत, बुबुळाच्या पडद्यात, वरून घातलेला थेंब तिथपर्यंत जाऊन रंग देत नाही. काजळही डोळ्याच्या आत नको, कितीतरी काजळ-सुरम्यात शिसं सापडलंय.

आता गंमत ऐका. तुमच्या मुलीच्या डोळ्यात हिरवा रंग नावाची वस्तूच नाही. माणसाच्या बुबुळात हिरवं रंगद्रव्य नसतं, निळंही नसतं. जे असतं ते तपकिरी मेलॅनिन. तुमच्या-माझ्या डोळ्यात पुढच्या थरात ते ठासून भरलंय म्हणून काळे दिसतात. तिच्यात ते कमी आहे. मग उजेड त्या थरातल्या बारीक तंतूंवर पडून विखुरतो आणि त्यातला निळा भाग जास्त परत येतो, आभाळ निळं दिसतं तसलाच प्रकार. त्या निळ्यावर थोडं पिवळसर-तपकिरी द्रव्य पसरलं की आपल्याला दिसतो हिरवा. म्हणूनच उन्हात वेगळा, बल्बखाली वेगळा. जगात असे डोळे साधारण २ टक्के लोकांचे असल्याचं सांगितलं जातं.

पाणी येणं, डोळे मिचकावणं हेही त्यातूनच, हलक्या डोळ्यांना प्रखर उजेड जास्त टोचतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात ऊन कसं असतं ते वेगळं सांगायला नको. पण जत्रेतला गॉगल आजच काढून ठेवा. नुसती काळी काच असेल तर बाहुली अंधार समजून मोठी होते आणि अतिनील किरण उलट जास्त आत जातात. यूव्ही ४०० लिहिलेला घ्या, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात, आणि वर मोठ्या कडेची टोपी. काच फिकी असली तरी चालते, काम काचेच्या रंगाचं नाही, यूव्ही अडवण्याचं आहे.

एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना मात्र दाखवाच. डोळे सतत थरथरतात का, कानाला कमी ऐकू येतं का, कपाळावर पांढरी बट आहे का, एका डोळ्याचा रंग दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे का? यातलं काही असेल तर सांगा, नसेल तर बहुतेक नुसता रंगच.

बायोची_मॅडम

"कोणावर गेली" याचं उत्तर मी देते. शाळेत आपण शिकलो की तपकिरी प्रभावी, निळा अप्रभावी, झालं. ते गणित १९०७ सालच्या डेव्हनपोर्ट या शास्त्रज्ञांच्या मांडणीचं आहे आणि ते फारच सोपं करून सांगितलेलं. खरं म्हणजे १५व्या गुणसूत्रावर ओसीए२ नावाचं जनुक आहे आणि शेजारी एचईआरसी२, त्या शेजाऱ्याच्या एका तुकड्यात ओसीए२चं बटण आहे, ते मंद असलं की मेलॅनिन कमी बनतं. शिवाय २०२१ मध्ये जवळजवळ १,९५,००० लोकांचा अभ्यास झाला त्यात ५० नवी जनुकं सापडली. म्हणजे हा दोन पत्त्यांचा डाव नाहीच. काळ्या डोळ्यांचे आईबाप दोघंही ते मंद बटण लपवून बाळगू शकतात, पिढ्यान्‌पिढ्या, आणि एखाद्या पोरीत ते दोन्हीकडून एकत्र येतं. ताई, मागच्या दोन-तीन पिढ्यांत चौकशी करा, तुमच्याही माहेरी. त्या बायांना म्हणावं, तुमच्या पदरात काय लपलंय ते तुम्हाला तरी कुठे ठाऊक.

नवरीची_बहीण

सगळे मांजरी म्हणतात आणि मग हजार रुपये देऊन तेच डोळे विकत घेतात, मी पण त्यातलीच 🙈 ताईच्या हळदीला ऑनलाइन हिरव्या लेन्स मागवल्या, नंबर-माप काही न बघता, रात्री नाचून तशीच झोपले. सकाळी डोळा उघडेना. कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला जखम, पंधरा दिवस दर तासाला थेंब, लग्नाच्या सगळ्या फोटोत मी गॉगल लावून उभी. लेन्स लावायचीच असेल तर मोजून घ्या, नळाच्या पाण्याने धुऊ नका, लावून झोपू तर अजिबात नका.

रिटायर्ड_काका

वडिलांचे डोळे हिरवट-तपकिरी होते. काचबिंदूचे लॅटानोप्रोस्टचे थेंब एकाच डोळ्यात चालू झाले आणि वर्षभरात तो डोळा गडद तपकिरी झाला, दुसरा तसाच. आम्ही घाबरलो, डॉक्टर म्हणाले या औषधाने होतं असं, मिश्र रंगाच्या डोळ्यात जास्त. उगाच आठवलं. म्हणजे थेंबाने रंग बदलतो असं नणंदबाईंना सांगू नका, नाहीतर त्याही बाटल्या पाठवतील.

शेवंता_अमळनेर

सगळ्यांचे आभार, उशीर झाला, कापूस वेचणी चालू होती. धुळ्याला जाऊन दाखवून आणलं. पडदा, नंबर, कान सगळं ठीक, आजार काही नाही, गॉगल-टोपी वापरा म्हणाले. मधाची बाटली भाकरीसोबत संपवतोय.

आणि मॅडम, चौकशी केली बरं का. ह्यांच्या चुलत आत्या आहेत, ऐंशीच्या पुढच्या, अहिराणीच बोलतात. कानबाईच्या सणाला आल्या होत्या तेव्हा मी मुद्दाम सगळ्या बायांसमोर विषय काढला. त्या पोरीचा चेहरा दोन्ही हातात धरून बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "अशाच डोया मन्या आजीना व्हतात." म्हणजे ह्यांची पणजी. तिचा फोटो आमच्याच ओसरीवर इतकी वर्षं टांगलाय, रोज पुसते मी तो. काळापांढरा आहे, त्यात काय दिसणार. आत्या बोलल्यावर हनुवटी धरणाऱ्या एक बाई ताटं उचलायला आत निघून गेल्या.

आता एकच अडचण. यूव्ही ४०० वाला गॉगल पोरीला गुलाबीच हवाय, मागे पट्टा असलेला, आणि अमळनेरात मिळेना. धुळ्यात किंवा जळगावात लहान मुलांचे कुठे मिळतात कोणी सांगेल का?