मंदीत पहिली कात्री कुणावर?

लेथवाला, भोसरी
परवा एका मित्राच्या शेडवर चहाला बसलो होतो. बोलता बोलता तो म्हणाला, "कंपनीकडून येणारं कामाचं शेड्यूल पडलं की आधी हेल्पर कमी करायचे, बाकीचं नंतर बघू." सगळे असंच करतात. म्हणून तर विषय काढतोय.

माझी दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीन), एक जुना लेथ, सात माणसं. गिअरबॉक्सच्या बारक्या पार्टचं जॉबवर्क. जुलै २०१९ मध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षापेक्षा जवळजवळ ३१ टक्क्यांनी घसरली, हे पेपरात आलं होतं. मला ते त्याआधीच लोखंडाच्या किसावरून कळलं होतं. कुदळवाडीचा भंगारवाला दर शनिवारी टेम्पो घेऊन कीस न्यायला यायचा. जूनमध्ये त्याने लागोपाठ दोन शनिवार खाडा केला. विचारलं तर म्हणाला, "शेठ, पोतीच भरत नाहीत तुमची, डिझेलचे पैसे सुटत नाहीत."

काम निम्म्यावर आलं, मशीनचा हप्ता मात्र पूर्ण. मी दुसरी शिफ्ट बंद केली आणि सातही जणांना आळीपाळीने आठवड्याला चार दिवस बोलावलं. पगारही चारच दिवसांचा. बायकोच्या पाटल्या पतपेढीत गहाण टाकल्या. पण काढलं कुणालाच नाही.

माझं म्हणणं असं, की कात्री आधी आपल्या घरात चालवावी. आपण पहिल्यांदा धुणंभांडी करणाऱ्या मावशींना उद्यापासून नको म्हणतो, मग हेल्परला. हप्त्यावरची गाडी तेवढी दारात उभी. काढलेला माणूस किराणा कमी भरतो, मग किराणावाला पोऱ्या काढतो. मंदी अशीच जिना उतरत खाली जाते.

हिशेबनीस, नाशिक
कौतुक करून घ्यायला विषय काढलाय का? रागावू नका, पण मी नेमकं उलटं केलं आणि मला ते आजही बरोबर वाटतं.

सातपूरला माझी नऊ माणसं होती. सप्टेंबर २०१९ मध्ये चौघांना समोर बसवून वही उघडून दाखवली. महिन्याचा जादा पगार हातावर ठेवला आणि मोकळं केलं. एक जण मामाच्या द्राक्षबागेत छाटणीला गेला, दोघं दोन महिन्यांत वाळूजला लागले. चौथ्याचं वाईट झालं, ते लपवत नाही. पण उरलेल्या पाच जणांचा पगार एक दिवसही चुकला नाही.

तुम्ही काय केलंत? सात जणांना अर्धपोटी ठेवलंत. वर 'शेठने पडत्या काळात सांभाळलं' हा उपकार. त्यांना दुसरीकडे विचारायचीही चोरी.

तिसरी शिफ्ट, चाकण
दोघेही शेठच आहात, म्हणून तिसऱ्या बाजूने लिहितो.

मी तेव्हा एका मोठ्या प्लांटमध्ये कंत्राटी होतो. कंपनीने महिन्यात आठ-दहा दिवस उत्पादन बंद ठेवलं. पर्मनंटवाल्यांचे दिवस रजेत वळते केले. आम्हाला सुपरवायझर गेटवर म्हणाला, "फोन करतो." काढलं असं कुणीच म्हणालं नाही, त्यामुळे हिशेबही नाही. तो फोन अजून यायचाय.

खोलीत चौघं राहायचो. दोघं गावी गेले, भाडं दोघांवर आलं. दिवाळीला मीही परभणीला गेलो, म्हटलं सोयाबीन काढायला तरी उपयोगी पडू. ऑक्टोबरच्या पावसात सोयाबीन उभं सडलं होतं, शेंगांना कोंब फुटलेले. राज्यपालांनी हेक्टरी ८ हजार जाहीर केले, आमचं क्षेत्र दीड एकर. हिशेब तुम्हीच करा. गाव आहे ना मागे, असं शहरातले लोक फार सहज म्हणतात.

लेथवाल्यांचे चार दिवस मला चालले असते. पण हिशेबनीसांनी समोर बसवून सांगितलं, तेही मला चाललं असतं.

व्याख्येत बसतं का
थोडी शिस्त पाळू. २०१९ ला मंदी नव्हती, मंदगती होती. सकल उत्पादन वाढतच होतं, वेग तेवढा ५ टक्क्यांच्या आसपास आला होता. लागोपाठ दोन तिमाहींत उत्पादन घटलं तर मंदी. ती आली २०२० मध्ये. एप्रिल ते जूनच्या तिमाहीत पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्के घट, पुढच्या तिमाहीतही घटच. २०१९ ची कारणं वेगळी होती. आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था बुडाल्यावर वित्तसंस्थांचा कर्जपुरवठा आटला, विम्याचे नियम बदलून नवी गाडी महागली, आणि बीएस-सिक्स हे धुराचे नवे नियम येणार म्हणून गिऱ्हाईक थांबलं.

तिसरी शिफ्ट, चाकण
बरं झालं सांगितलंत. घरमालकाला म्हणालो असतो, मंदी नाही हो, मंदगती आहे, भाडंही मंदगतीने देतो.

मेसवाल्या काकू, महाळुंगे
माझ्याकडे ६५ डबे होते, दसऱ्यापर्यंत २८ राहिले. ट्रेनी पोरं खोल्या सोडून गेली. जी राहिली ती म्हणायला लागली, काकू दोघांत एक डबा द्या. मी दिला. चपात्या तेवढ्याच, भाजीत रस्सा वाढवला. पोरांना कळत होतं, पण बोलली नाहीत.

माझ्याकडे चपात्या लाटायला दोघी यायच्या. एकीला नाही सांगावं लागलं. लेथवाले भाऊ, तुमचं वाचून जिव्हारी लागलं. घरातली कात्री आधीच चालवली होती. पोरीची शिकवणी बंद केली, बोरमाळ पतपेढीत दिली. त्यानंतरच तिला नाही म्हटलं. स्वतःच्या घरात कापण्यासारखं काही उरलेलं असेल त्यानेच असे नियम सांगावेत.

हिंजवडीकर
काकूंशी सहमत. आणि मावशींना काढणाऱ्यांनाही सरसकट झोडू नका. दोघांतल्या एकाची नोकरी गेली, वर २० वर्षांचा गृहकर्जाचा हप्ता असला, की महिन्याचे ते तीन हजार मोठे वाटतात. मंदी आटोक्यात ठेवणं आमच्या घरखर्चाचं काम नाही, सरकारचं आहे.

कलम २५
सरकारचं म्हणालात म्हणून. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफच्या, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवण्याच्या, काळात निम्मा पगार द्यायची तरतूद होती, पण ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यात, २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. नोकरी गेल्यास ९० दिवसांपर्यंत पगाराच्या २५ टक्के भत्ता, २०२० मध्ये तो ५० टक्के केला. पण सात-नऊ माणसांच्या शेड सहसा ईएसआयच्या बाहेरच. म्हणजे तुम्ही दोघे शेठ ज्या माणसांवरून भांडताय, त्यांच्यासाठी तुमच्या मनाशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

आणि लेथवाले, लहान उद्योगाचे पैसे मोठ्याने ४५ दिवसांत द्यायचे, असा कायदा २००६ पासून आहे. तुमचे आले होते का?

लेथवाला, भोसरी
१२० दिवसांनी आले. तक्रार केली असती तर पुढचं शेड्यूलच आलं नसतं, हे तुम्हालाही माहीत आहे.

हिशेबनीस, तुमचं 'विचारायचीही चोरी' लागलं. एक सांगायचं राहिलं होतं. सातपैकी एक दिवाळीआधी न सांगता गेला, तळवड्याला कुठेतरी लागला. मला इतका राग आला की तीन महिने त्याचा फोन उचलला नाही. उरलेले दोन दिवसांचे पैसे मागायला करत होता बिचारा. नंतर दिले, पण नंतर. म्हणजे उपकाराचं तुम्ही म्हणता ते खोटं नाही. तरी चौघांना समोर बसवणं मला अजूनही जमणार नाही.

काकू, तुमच्यासाठी ते वाक्य नव्हतं. चुकलं.

मेसवाल्या काकू, महाळुंगे
असू दे. पाटल्या सुटल्या का?

लेथवाला, भोसरी
२०२१ च्या दिवाळीला सोडवल्या. मध्ये कोरोनात पुन्हा व्याज थकलं होतं.

मेसवाल्या काकू, महाळुंगे
बरं झालं. माझी बोरमाळ अजून तिथेच आहे. दर वर्षी व्याज भरून मुदत वाढवून घेते.