प्रति: थंडीत हर्मिट क्रॅब हलवणे
घर बदलताना कारचा हीटर लावून हर्मिट क्रॅबचा (शंखात राहणाऱ्या पाळीव खेकड्याचा) डबा त्याच्यासमोर ठेवा, हा वरचा सल्ला मला पटत नाही. ऊब हवीच, पण जमिनीवरचा हर्मिट क्रॅबही कल्ल्यांनीच श्वास घेतो आणि ते सतत ओलसर राहावे लागतात. हीटरच्या कोरड्या हवेत तो गुदमरतो. आम्ही जानेवारीत नागपुरातच धरमपेठेतून बेसाला राहायला आलो, तेव्हा झाकणाच्या डब्यात ओलं मॉस (शेवाळ) आणि बाहेरून टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, एवढ्यावर छान निभावलं. सामानाचा टेम्पो सकाळी जाऊ द्या, खेकडे दुपारी न्या; नागपुरात पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असतो, दुपारी बहुधा २५ च्या पुढे.

एखादा कात टाकायला वाळूत शिरला असेल तर मात्र कृपा करून उकरू नका. अंग मऊ असतं, जीव जातो. जुन्या घराची किल्ली थोडी उशिरा देता आली तर बघा, म्हणजे तो आपणहून वर येईपर्यंत त्याची टाकी तिथेच ठेवता येईल.