शिकाऊ उमेदवारी की आधी पूर्ण कोर्स? मदत हवी आहे

धाकट्या भावाची शाळा संपली. वर्गात त्याचं मन रमत नाही, पण बिघडलेली मोटर उघडून बसला की जेवणाचंही भान राहत नाही. इलेक्ट्रिशियन व्हायचं म्हणतोय. शिकाऊ उमेदवारीत पहिल्यापासून हाताला काम आणि विद्यावेतन मिळतं. कोर्समध्ये आधी थिअरी पक्की होते. मला जर्मनीतली पद्धत पटते: आठवड्यातले काही दिवस कंपनीत, काही व्यावसायिक शाळेत, साधारण २ ते ३.५ वर्षं.

भीती एकच. करारावर सही झाली आणि शिकवण्याऐवजी नुसतं सामान उचलायला लावलं तर? करारात नेमकं काय लिहून घ्यावं? शिकवणारा कोण, रोजच्या कामाची नोंदवही, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र, एवढं पुरेल का? स्वतः असं शिकून नोकरीला लागलेल्यांनी कृपया सांगा.