‘जुन्या लॅप स्टीलचा आवाज म्हणजे निव्वळ आठवणींचा खेळ’? साफ असहमत

खर्जपंचम (धागाकर्ता)

काल गिटारवाल्यांच्या एका गटात लॅप स्टीलबद्दल (मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची विजेची गिटार) कुणीतरी ठोकून दिलं: “जुनी रिकनबॅकर, फेंडर, नॅशनल, सगळा आठवणींचा खेळ. नव्या फळीवर चांगला पिकअप बसवा, तेच ऐकू येईल.” त्याखाली अंगठ्यांची रांग. तिथे बोलून उपयोग नव्हता, म्हणून इथे लिहितोय.

रिकनबॅकर कंपनीच्या पिकअपमध्ये (तारेच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग) घोड्याच्या नालेच्या आकाराची दोन मॅग्नेटं समोरासमोर असतात. तारा त्यांच्या आतून जातात आणि कॉइल तारांच्या खाली. आजच्या बहुतेक पिकअपमध्ये मॅग्नेट फक्त खालून. चुंबकाचा तारेवरचा अंमलच वेगळा असेल तर आवाज तोच कसा येईल? युद्धाआधीची नाल दीड इंच रुंद, नंतर ती सव्वा इंचाची झाली. एकाच कंपनीच्या या दोन गिटारीही सारख्या वाजत नाहीत. रुंद नालेवर खालच्या तारा भरीव येतात आणि वरच्या टोकदार असूनही कानाला बोचत नाहीत. त्यात १९३५ पासूनची बेकलाइटची (जुन्या काळचं कडक प्लॅस्टिक) बॉडी, घट्ट आणि जड. तार छेडली की आस, म्हणजे सुराचं रेंगाळणं, संपता संपत नाही. अमेरिकन स्टीलवादक जेरी बर्डच्या चाळीस-पन्नासच्या दशकातल्या रेकॉर्ड्स ऐका आणि मग मला आठवणींचा खेळ म्हणा. माझ्या तर आठवणीच नाहीत त्या काळातल्या!

नवी_फळी

तुम्ही म्हणताय तो माणूस मी नाही, पण त्याचं बरोबर आहे. स्टीलचा आवाज नव्वद टक्के हातात असतो. बार किती दाबता, बारच्या मागे तारांवर बोटं टेकवून नको असलेला झंकार दाबता की नाही, कंप हळू देता की घाईने, नख कुठे लागतं. हे न शिकता लोक जुनं यंत्र शोधत फिरतात.

मी स्वतः परदेशातून एक जुनी मागवली. विक्रेत्याने “सगळं मूळचं” म्हणून लिहून दिलं होतं. खोलली तर कॉइल पुन्हा गुंडाळलेली, मॅग्नेट मेलेलं, एक खुंटी दुसऱ्याच गिटारीची. पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच. तेव्हापासून “व्हिंटेज टोन” हे शब्द ऐकले की डोकं सणकतं.

आणि फ्राइंग पॅन, रिकनबॅकरची ती तव्यासारखी गोल गिटार? ओतीव अ‍ॅल्युमिनियम. रंगमंचावरचे दिवे लागले की धातू प्रसरण पावतो आणि सूर हलतो. हे त्या काळचे वादकही सांगत होते. त्याला पुजायचं?

खर्जपंचम

अ‍ॅल्युमिनियमपुरतं मान्य, त्याहून इंचभरही पुढे नाही. आणि मॅग्नेट मेलं तर ते पुन्हा चार्ज करता येतं. तुम्ही फसवले गेलात हे वाईटच झालं, पण राग विक्रेत्यावर काढा, नालेवर नको.

तीन_माना (न्यू जर्सी)

दोघंही आवाजावरच अडकलात. वाजवायला कशी आहे ते कोण बोलणार?

पेडल नसलेल्या स्टीलवर निम्मं काम तिरक्या बारने होतं, म्हणजे बार तिरपा धरून वेगवेगळ्या तारा वेगवेगळ्या पट्ट्यांवर दाबायच्या. स्केल (तारेची वाजणारी लांबी) जितकं लांब तितका पट्ट्या-पट्ट्यांतला पल्ला मोठा आणि तिरका बार सुरात बसवणं तितकं कठीण. फेंडरची स्ट्रिंगमास्टर १९५३ ला आली ती २६ इंची. पुढे २४.५ आणि २२.५ इंचीही आल्या, कारण वाजवणाऱ्यांना ते हवं होतं. लांब स्केलवर तार ताणलेली राहते आणि खर्ज सुंदर येतो, पण एका जागी तीन तारांचा तिरका मेळ साधताना मनगट दुखतं.

नालेची एक अडचण धागाकर्त्याने सांगितलीच नाही. घोडीजवळ, जिथे उजव्या तळव्याने तार दाबून आवाज मारायचा, तिथेच ती आडवी येते. स्ट्रिंगमास्टरला दर मानेवर दोन पिकअप, गुणगुण मारण्यासाठी एकमेकांविरुद्ध जोडलेले, आणि त्यांचं मिश्रण करायला छोटं चाक. तेच चाक फिरवून मी दिवसभर काढू शकतो. १९५९ मध्ये सँटो फरिनाने ‘स्लीप वॉक’ याच तीन मानांच्या गिटारीवर वाजवून अमेरिकेत पहिला नंबर मिळवला. वजन मात्र जबरदस्त. ही मांडीवर घ्यायची वस्तू नाही, तिला पाय लागतात.

खर्जपंचम

तळव्याचा मुद्दा खरा आहे, पण सवयीने हात पुढे सरकवता येतो. आणि बेकलाइटही २२.५ इंचीच आहे, तेव्हा तिरक्या बारसाठी तुमचंच गणित माझ्या बाजूने आहे.

गिरगावकर

अवांतर, पण राहवत नाही. स्ट्रिंगमास्टरसारख्या गिटारीच्या एकेका मानेवर आठ-आठ तारा हव्यात कशाला? कोलकात्यात ताऊ मो आणि गार्नी निस या वादकांपासून आपल्याकडे हवाईन गिटार रुजली ती एका तारेवरच्या मींडेने (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं). ब्रिजभूषण काब्रांनी गिब्सन आडवी ठेवून राग वाजवले, १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या रेकॉर्डमध्ये ते ऐका. मुंबईत व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी फिल्मी धुना वाजवल्या, त्या घराघरांत होत्या.

माझे मामा गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रात वाजवायचे. साध्या सहा तारांच्या गिटारीच्या नटवर (मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) पत्रा चढवून तारा उचललेल्या. अख्खा मंडप गप्प व्हायचा. कुणी येऊन “बाकीच्या दोन तारा कुठे” असं विचारलं नाही.

तीन_माना

मामांना मनापासून नमस्कार. पण तुम्ही रागाच्या कामाचं माप स्विंगच्या, म्हणजे नाचाच्या जॅझच्या, गिटारीला लावताय. सी सिक्सच्या (तारा सी, ई, जी, ए या स्वरांत) एकाच लावणीत सी मेजर आणि ए मायनर हे दोन्ही मेळ बसतात. आठ तारा असल्या की डॉमिनंट मेळही हाताशी येतो, बार हलवावा लागत नाही. मेळासाठी वाजवणाऱ्याला तारा कमी करायला सांगणं म्हणजे पेटीवाल्याला अर्ध्या पट्ट्या काढ म्हणण्यासारखं आहे.

गिरगावकर

मग सरळ सांगा ना की सूर कमी आणि सोय जास्त हवी. मींड घेताना शेजारची तार वाजली की सगळं काम वाया जातं. जितक्या तारा जास्त तितका दाबायचा त्रास जास्त.

तीन_माना

“सूर कमी”? चाळीस मिनिटांच्या सेटमध्ये एकही पट्टी नीट दिसत नसताना तिरका बार सुरात ठेवून दाखवा, मग बोला.

तंबोरेवाली

दोघेही थांबा. विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेला (राग वाजवायला बदललेली गिटार) वीस तारा आहेत, म्हणजे राग वाजवणाऱ्यांनीही तारा वाढवल्याच.

गिरगावकर

त्यातल्या मुख्य सुराच्या तीनच! बाकीच्या चिकारीच्या (आधारस्वराच्या) आणि तरफेच्या (आपोआप झंकारणाऱ्या). हा माझाच मुद्दा झाला.

तंबोरेवाली

तुमचा मुद्दा आठ तारा नकोत असा होता. आता “मुख्य तारा” झाला. मी स्वतः सहा तारांच्या बेकलाइटवर यमन वाजवते. पंचमावरून षड्जावर एकाच तारेवर घसीट घेताना आस तुटत नाही, हा अनुभव मला नव्या गिटारीवर आला नाही. पण दोन तारा जास्त असत्या तर खर्ज लावायला मी नक्की वापरल्या असत्या.

नवी_फळी

आस तुटत नाही ती तुमच्या हातामुळे. बॉडीमुळे थोडीफार मदत होत असेल, इतकंच. तेवढं सोडलं तर माझं मत तेच आहे.

खर्जपंचम

“थोडीफार मदत” हे तुम्ही लिहिलंत, म्हणजे निव्वळ आठवणींचा खेळ नाही एवढं ठरलं. आता जड बार आणि हलका बार यांवर बोला. अजून कुणीही बारचं वजन सांगितलेलं नाही, आणि निम्मी आस तिथून येते.

गिरगावकर

बार नंतर. आठ तारांचा वाद मी सोडलेला नाही.